खचलेल्या मनाची शुश्रूषा

उपदेशकवर्गासाठी व कुटुंबातील वाचनासाठी पाठ
शास्त्रभाग : १ राजे १९:१-१८, ईयोब २:११-१३, मार्क ५:१-२०



देहाच्या दुखण्याविषयी आपल्या मंडळ्यांत आता फारसा संकोच उरलेला नाही. कोणास कावीळ झाली, कोणाचे बोट यंत्रात सापडले, तर रविवारच्या भक्तीत त्याचे नाव घेऊन प्रार्थना होते, आणि सायंकाळी चार माणसे त्याच्या घरी जाऊन बसतात. परंतु ज्याचे मन दुखणाईत झाले आहे त्याच्या दारापाशी आपली पावले थबकतात. काय बोलावे हे सुचत नाही. आणि जे सुचते ते बहुधा न बोललेले बरे असते. यास्तव ह्या आठवड्याचा पाठ आम्ही त्या दाराविषयी घेतला आहे.

पुण्याच्या उत्तरेस इंद्रायणीच्या दोन्ही अंगांस पसरलेला कारखान्यांचा प्रदेश आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक आहे, कारण आपली मुले तेथे गेली आहेत. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलीन करणाऱ्या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथील शेते पाहता पाहता कारखान्यांखाली गेली. पुढे ही लाट नाशिक रस्त्याने चाकणास पोहोचली. जे चाकण कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाई, त्याच्या आसमंतात निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी, कुरुळी ह्या गावांच्या शिवारांत आज मोटारी व त्यांचे सुटे भाग तयार होतात. मराठवाड्यातून, विदर्भातून, नगरच्या दुष्काळी तालुक्यांतून तरुण येथे येतात. एका खोलीत पाच-सहा जण राहतात. एक पाळीवरून येतो तेव्हा दुसरा उठून जातो, आणि अंथरूण मात्र निवत नाही. काम ठेकेदाराकडचे, आज आहे, दिवाळीनंतर असेलच असे नाही. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, असे केल्याने झोपेची घडी मोडते; आणि झोप मोडली की मन मोडावयास फार वेळ लागत नाही. गावी आईबापांस वाटते, पोर कमावता झाला. पोर घरी खरे सांगत नाही, कारण मोटारसायकलीचा हप्ता व बहिणीचे लग्न ही दोन्ही त्याच्याच पगारावर उभी असतात.

ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचे दुःख निराळे. पैसा एकदम हाती आला, काम एकदम हातचे गेले. ज्या माणसाचा दिवस पहाटे बैलांपासून सुरू होत असे, त्याला सकाळी नऊ वाजता कोठे जावे हे कळेनासे झाले. अशा घरांत दारू कोणत्या वाटेने शिरली हे उपदेशकांस सांगावयास नको.

अशी माणसे आमच्याकडे येतात तेव्हा "माझे मन आजारी आहे" असे कोणीच म्हणत नाही. ती म्हणतात, डोके जड आहे, छातीत धडधडते, जेवण गोड लागत नाही, जीव कशात रमत नाही. घरची माणसे म्हणतात, ह्याला कोणाची नजर लागली, बाहेरचे काही झाले, किंवा नुसता आळस आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने १२ राज्यांत केले. त्यात प्रौढ माणसांपैकी शेकडा १०.६ जण त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने पीडित आढळले. म्हणजे शंभर प्रौढांच्या मंडळीत सुमारे दहा. ते दहा जण आपल्या मंडळीत कोण आहेत, हे आपणांस ठाऊक आहे काय?

आता एलीयाकडे वळू. कर्मेल डोंगरावर त्याचा मोठा विजय झाला होता. त्यानंतर लगेच ईजबेलीचा निरोप आला आणि तो जीव घेऊन पळाला. आपल्या चाकरास त्याने बैर-शेबात ठेवले व आपण एकटा अरण्यात एक दिवसाची वाट चालून गेला. तेथे एका रतामाच्या झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. हे मागणारा कोणी अविश्वासी मनुष्य नव्हता, तर देवाचा संदेष्टा होता. आणि हे त्याच्या पराजयानंतर घडले नाही, विजयानंतर घडले. तेव्हा खिन्नता ही विश्वासाच्या उणेपणाची खूण आहे असे जो म्हणेल त्याने प्रथम एलीयाचा हिशेब द्यावा.

देवाने त्याच्याशी कसा व्यवहार केला तो क्रम नीट पाहावा, कारण ह्या पाठाचा गाभा तोच आहे. प्रथम झोप. मग देवदूताचा स्पर्श, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. मग पुन्हा झोप, आणि पुन्हा भाकर. ह्या साऱ्यात उपदेशाचा एक शब्द नाही. देवदूत इतकेच सांगतो की ऊठ व खा, वाट लांबची आहे. होरेबास पोहोचल्यावर देव प्रश्न विचारतो, आणि एलीया आपले गाऱ्हाणे सांगतो. देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो, आणि एलीया तेच गाऱ्हाणे जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा सांगतो. "हे तू मघाच सांगितलेस" असे देव म्हणत नाही. ज्यांनी खिन्न माणसाजवळ तासभर बसून पाहिले आहे त्यांस ह्याचा अर्थ कळेल. असा मनुष्य एकच गोष्ट दहादा सांगतो, आणि ऐकणाऱ्याचा धीर सातव्या वेळी सुटतो. शेवटी देव त्याला काम देतो, अलीशाच्या रूपाने सोबती देतो, आणि तू एकटा नाहीस, अजून सात हजार आहेत, हे सांगतो. हे सात हजार देवास पहिल्या दिवशीही ठाऊक होते. परंतु भुकेल्या व जागरणाने शिणलेल्या माणसास त्याने तो आकडा ऐकविला नाही.

यावरून रात्रपाळीच्या तरुणाकडे गेल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारावा हे उघड आहे. प्रार्थना करतोस काय, हा नव्हे. झोपतोस किती, जेवतोस कोठे, खोलीवर बोलावयास कोणी आहे काय, हे विचारावे. शक्य असल्यास डबा घेऊन जावे. आमच्या एका वृद्ध बायबलबाईंची रीत अशी होती की, दुखणाईत घरी गेल्यावर त्या प्रथम चूल पेटवीत व शास्त्र पिशवीतून मागाहून काढीत. ह्यावर काही मंडळींनी नाक मुरडले, पण एलीयाच्या देवदूतानेही तेच केले होते.

ईयोबाच्या तीन मित्रांविषयी आपण बहुधा वाईटच बोलतो. तथापि त्यांचे पहिले सात दिवस आदर्श होते. ते दुरून आले, त्यांनी वस्त्रे फाडली, आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून कोणी एक शब्द बोलला नाही. त्यांनी तोंड उघडले तेथून बिघाड झाला. अलीफज म्हणू लागला की निर्दोषाचा नाश होत नाही. बिल्ददाने तर मेलेल्या लेकरांवर पापाचा आरोप केला. आणि शेवटच्या अध्यायात देवाने त्या तिघांसच दोष दिला. उपदेशकाने हे ध्यानात ठेवावे की, दुखणाईतापुढे देवाची बाजू मांडण्याची त्याला गरज नाही. "तुझा विश्वास कमी पडतो", "तुझ्या हातून काही पाप घडले असेल", "तुझ्यापेक्षा दुःखी लोक पुष्कळ आहेत" ही वाक्ये आपल्या जिभेवरून कायमची उतरवावी.

एक प्रश्न मात्र अवश्य विचारावा, आणि तो विचारावयासच उपदेशक भितात. जीव नकोसा झाला आहे काय, स्वतःचे बरेवाईट करून घेण्याचा विचार मनात येतो काय, असे सरळ पण सौम्यपणे विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत खोटी आहे. ज्याच्या मनात तो असतो त्याला कोणीतरी विचारले म्हणून बहुधा सुटल्यासारखे वाटते. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये. घरात पिकावर मारावयाच्या औषधाचा डबा असेल तर तो त्याच दिवशी शेजाऱ्याच्या किंवा सोसायटीच्या कुलपात ठेवावा. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, परंतु तो अविचार पुष्कळदा थोड्या घटकांचा असतो, आणि त्या घटकांत हाताशी काय सापडते ह्यावर प्राण अवलंबून असतो. कोणी असे कृत्य केलेच तर पोलिसांच्या भयाने ते लपवू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असे ठरविले आहे की, असा मनुष्य असह्य ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्यास शिक्षा करू नये, आणि त्याची शुश्रूषा करणे हे सरकारचे कर्तव्य समजावे.

आता भूतबाधेचा प्रश्न. हा टाळून चालणार नाही, कारण आपल्या गावांत तो रोज निघतो. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात प्रभूकडे आणलेल्या रोग्यांची यादी आहे. तीत भूतग्रस्त व फेफरेकरी हे निरनिराळे सांगितले आहेत. म्हणजे प्रत्येक झटका व प्रत्येक बडबड भुताची, असे शास्त्र म्हणत नाही. आम्ही मात्र सर्रास म्हणतो. आणि मार्काच्या पाचव्या अध्यायातील मनुष्याकडे पाहा. त्याला बेड्या व साखळ्या कोणी घातल्या? गावकऱ्यांनी. प्रभूने त्यास मारले नाही, बांधले नाही, उपाशी ठेवले नाही, नाव विचारले. मग लोकांनी त्यास पाहिले तेव्हा तो वस्त्र नेसून शुद्धीवर येऊन बसला होता. प्रभूच्या नावाने प्रार्थना करतो असे म्हणून जे कोणी मुलीचे केस धरून ओढतात, काठी मारतात, किंवा धुरी देतात, त्यांनी हा अध्याय वाचलेला नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या निमित्ताने बांधणे व मारणे हा गुन्हा ठरविला आहे, आणि तो कायदा भगतासारखाच आपल्यासही लागू आहे. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे एका आश्रयस्थानास आग लागली. बरे होण्याच्या आशेने आणलेले मनोरुग्ण तेथे साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांस पळता आले नाही आणि २८ जण मेले. साखळी घालण्यास २०१७ च्या कायद्याने आता सक्त मनाई आहे.

प्रार्थना सोडा असे आम्ही म्हणत नाही. परंतु प्रार्थनेसाठी गोळ्या सोडावयास लावणे हे निराळे, आणि ते घोर पाप आहे असे आमचे मत आहे. आमच्या पाहण्यातील एका घरी मुलगा औषधाने सुधारून पुन्हा कामावर जाऊ लागला होता. एका सभेत कोणी सांगितले की गोळी घेणे म्हणजे शंका धरणे. आईने गोळ्या नदीत टाकल्या. महिन्याच्या आत मुलगा पूर्ववत झाला, आणि ह्या वेळी सावरावयास दीड वर्ष लागले. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि पौलाने त्यास वैद्यकी सोडावयास सांगितल्याचे कोठे आढळत नाही. खिन्नतेवरील गोळ्यांचा गुण दिसावयास बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात काही झाले नाही म्हणून त्या टाकू नयेत, आणि बरे वाटू लागले म्हणून डॉक्टरांस विचारल्याशिवाय थांबवू नयेत.

सेवकांच्या घरीही हे दुखणे आले आहे. मराठीचे पहिले छापील व्याकरण लिहिणाऱ्यांत कॅरीसाहेबांचे नाव आपण आदराने घेतो; ते व्याकरण १८०५ साली श्रीरामपुरास निघाले. त्याच घरात त्यांची पत्नी डॉरथी एका खोलीत बंद होती. १७९३ साली ह्या देशात येण्यास ती राजी नव्हती; बहीण बरोबर येईल ह्या अटीवर आली. पुढल्याच वर्षी तिचा पाच वर्षांचा पीटर वारला, आणि त्यानंतर तिचे चित्त भ्रमिष्ट झाले. नवरा व्यभिचारी आहे असा तिला भास होऊ लागला. १८०७ साली ती मरण पावली. चरित्रकार तिला बहुधा कॅरीसाहेबांच्या वाटेतील धोंडा समजून दोन ओळींत आटोपतात. आम्हांस तसे वाटत नाही. परक्या मुलखात लेकरू पुरलेल्या त्या बाईजवळ तिच्या भाषेत बोलणारे किती जण बसले असतील? आज चाकणच्या खोल्यांत दूरच्या जिल्ह्यांतून नवऱ्यामागे आलेल्या कितीतरी डॉरथी आहेत, आणि त्यांच्यासाठी आज औषध आहे, जे त्या काळी नव्हते.

दुसरे उदाहरण कवी विल्यम कूपर ह्याचे. इंग्लंडात ओल्नी गावी जॉन न्यूटन पाळक असता कूपर त्याच्या शेजारी राहत असे, आणि दोघांची गीते १७७९ साली एकत्र प्रसिद्ध झाली. १७७३ साली कूपरास खिन्नतेने असे गाठले की देवाने आपला कायमचा त्याग केला आहे असे तो मानू लागला व त्याने जीव देण्याचा यत्न केला. न्यूटनाने त्यास एक वर्षाहून अधिक काळ आपल्या घरी ठेवले. पुढे कूपर बाग करू लागला. ससे पाळू लागला. त्याची ती भ्रांति अखेरपर्यंत गेली नाही. १८०० साली तो मेला तोही त्याच अंधारात. न्यूटनास यश आले की अपयश, असे कोणी विचारील. आम्ही इतकेच म्हणतो की, त्या घरी राहिलेला मनुष्य त्यानंतर २५ वर्षांहून अधिक जगला आणि लिहीत राहिला.

हिंदुस्थानात ई. स्टॅन्ली जोन्स ह्या मिशनऱ्यास सेवेच्या पहिल्या वर्षांत वारंवार मज्जाघाताने गाठले होते. त्याच जोन्ससाहेबांनी १९५० साली लखनौस नूर मंझिल हे मनोरुग्णांचे इस्पितळ काढले. स्वतःचे दुखणे त्यांनी लपविले नाही, उलट ग्रंथांतून सांगितले. आमच्या पाळकवर्गात हे धैर्य अजून दुर्मिळ आहे.

आम्ही शिकलेले डॉक्टर नव्हेत, आमच्याने काय होणार, असे उपदेशक म्हणतील. गोव्यात संगाथ ह्या संस्थेने डॉ. विक्रम पटेल ह्यांच्या पुढाकाराने वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसांस तयार करून प्राथमिक आरोग्य केंद्रांत खिन्न रोग्यांशी बोलावयास बसविले. सहा ते आठ भेटी. काम इतकेच की सोडलेली लहानसहान कामे रोग्याने पुन्हा कशी हाती घ्यावी ते त्याच्याबरोबर ठरवावयाचे. तीन महिन्यांनी अशा रोग्यांपैकी शेकडा ६४ जणांची खिन्नता ओसरली होती. ज्यांस ह्या भेटी मिळाल्या नाहीत त्यांत हे प्रमाण शेकडा ३९ होते. आपल्या नाशिक जिल्ह्यातही २०१३ पासून ४१ गावांत 'आत्मीयता' नावाचे काम झाले; त्यात गावातीलच माणसांस ऐकून घेणे, धीर देणे, आणि कठीण रोग्यास पुढे पाठविणे शिकविले. हे काम कूपरच्या बागेहून फारसे निराळे नाही. रोग्यास सांगावे : उद्या सकाळी एवढी कोंबड्यांना दाणे टाक, परवा माझ्याबरोबर बाजारापर्यंत चल.

परंतु आपली हद्दही ओळखावी. ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात, जो दिवसचे दिवस झोपत वा जेवत नाही, जो मरणाची तयारी करतो, किंवा बाळंतपणानंतर जी बाई लेकरास ओळखेनाशी होते, त्यांस त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. पिंपरीस महानगरपालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. येरवड्यास सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते, आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक प्रार्थनामंदिराच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लावावा. दारूच्या दुखण्यासाठी पुण्यास मुक्तांगण आहे. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट ह्यांनी पु. ल. देशपांडे ह्यांच्या साहाय्याने ते १९८६ साली सुरू केले. दारुड्याची बायको ही स्वतः रोगी नसली तरी शुश्रूषेस पात्र आहे, हे तेथे ओळखतात. आपण अजून तिला अधिक सोसावयास सांगतो. ज्या घरी आईबाप वर्षानुवर्षे भ्रमिष्ट मुलाचा सांभाळ करतात, त्यांनी पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनकडे चौकशी करावी. तेथे अशीच घरे चालविणारी माणसे एकत्र बसतात. मंडळीने त्या आईस महिन्यातून एक दिवस सुटका द्यावी. आपल्यातील दोन बहिणींनी मुलाजवळ बसावे, आणि तिने झोपावे, माहेरी जावे, हवे ते करावे.

आणखी एक गोष्ट, जी लहान नाही. आपल्या सभांत प्रार्थनेची विनंती म्हणून नाव घेऊन सारे सांगण्याची रीत आहे. त्या सभेत त्याच कारखान्याचा मुकादम बसलेला असतो. मुलीच्या सासरचे बसलेले असतात. मागे एका ठिकाणी अशा प्रार्थनेनंतर ठरलेले लग्न मोडले. एकमेकांची ओझी वाहा असे पौल गलतीकरांस सांगतो. ती चावडीवर मोजून दाखवा असे सांगत नाही. जे खोलीत ऐकले ते रोग्याच्या परवानगीवाचून स्वतःच्या पत्नीलाही सांगू नये. जीव धोक्यात आहे असे दिसले तरच ही मर्यादा ओलांडावी, आणि तसे करणार आहो हे त्यालाही सांगावे.

पहिल्या आठवड्यात भेटावयास पुष्कळ येतात. तिसऱ्या आठवड्यापासून घर ओस पडते. उपदेशकाने आपल्या वहीत पुढल्या तीन महिन्यांचे वार आजच लिहून ठेवावे व त्या दिवशी जावे, बोलावयास काही नसले तरी जावे.

पुढील आठवड्यासाठी स्तोत्र ८८ वाचून यावे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपते. मंडळीत वाचताना ते तेथेच थांबवावे, आणि लगेच दुसरे आनंदाचे गीत सुरू करू नये. ज्यांस त्याविषयी काही विचारावयाचे असेल त्यांनी भक्तीनंतर मागे राहावे.